कुणाची उजवी

डा, मग वी. प्रयागबाईनं ओठ हलवत अक्षरं जुळवली, आणि जुळली तेव्हा ती भलत्याच जागी होती. दुसरी बाजू वाचायला तिनं पुन्हा तेवढाच वेळ घेतला, तीन अक्षरं होती, उ, ज, वी. दोन बाजूंना दोन शब्द, लाल रंगात, नव्या पांढऱ्या फरशीवर, मधे देवी. गाभारा इतका लख्ख झाला होता की आपण दुसऱ्याच गावच्या देवळात शिरलो असं वाटावं. ओतूरच्या कापडवाल्या हितेशशेठनं नवस फेडला होता, भिंतींना फरशी लावली होती आणि मुक्ताईला चांदीचा मुखवटा चढवला होता. इतकी वर्षं तिथं नुसता तांदळा होता, शेंदराची पुटं चढून गुळगुळीत झालेला, ना नाक ना डोळे असलेला दगड. आता त्याला तोंड आलं होतं, आणि तोंड आल्याबरोबर त्याला उजवं-डावंही आलं होतं. कौल लावायला येणाऱ्यांचा घोळ होऊ नये म्हणून शेठनं रंगाऱ्याकडून बाजू लिहून घेतल्या होत्या. दगडाच्या दोन अंगांना दोन कळ्या चिकटवायच्या, मनात प्रश्न धरायचा, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रयागबाईच्या उजव्या हाताला ‘डावी’ लिहिलेलं होतं. ती थोडी मागं सरली, जणू मागं सरून शब्द जागा बदलणार होते.

“सारजे, हे रंगाऱ्यानं उलटं लिवलंय,” ती गुरवाच्या म्हातारीला म्हणाली. सारजाबाई दारात बसून वाती वळत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही. “उलटं कशानं? देवीची उजवी ती उजवी. आपन तिच्या म्होरं उभं ऱ्हातो, तवा आपल्याला ती डावीकडं.” “पयल्यापासनं?” “अवं, माज्या सासऱ्याच्या बापापासनं. का वं? तुमी काय इतकी वर्सं उलटा कौल लावीत व्हता का काय?” आणि सारजाबाई खळखळून हसली. खोडदच्या मळ्यातली थोरली, जिच्या आवाजानं धर्माजीसारखा तालेवार नवरा जन्मभर दबून राहिला, ती काही उलटं करील हे सारजाबाईला खरंच विनोदाचं वाटलं होतं. प्रयागबाई म्हणाली, “तुज्या जिभेला हाड न्हाई,” आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. चप्पल पायात घालायची तिला आठवण राहिली नाही.

तिच्या माहेरी, पिंपरी पेंढारला, विचारणाराची उजवी ती उजवी होती. आई तिचा हात धरून उजवा दंड दाबायची, ‘हा हो म्हणायचा, हा न्हाई म्हणायचा,’ आणि तो दाब अजून दंडात होता. लग्न होऊन ती खोडदला आली तेव्हा कुणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला, देव काय शिवेगणिक वेगळा वागतो? आणि दुसरं असं, की तिनं कौल कधी गुरवाच्या समोर लावलाच नाही. घरच्या गोष्टी गुरवाच्या कानावर घालायच्या आणि त्या चावडीवर ऐकायच्या, एवढी ती भोळी नव्हती. भर दुपारी, देवळात चिटपाखरू नसताना, पदराखाली कळ्या घेऊन ती यायची, आपल्या हातानं चिकटवायची, आपल्या डोळ्यांनी बघायची, आणि घरी जाऊन सांगायची, देवीनं सांगितलं. चूक दाखवायला तिथं कुणी नव्हतं. कुणी असू नये अशीच तिची इच्छा होती. समोर दूर वावरांच्या पलीकडं रेडिओ-दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. इतकी वर्षं रोज बघून त्या दिसेनाशा झाल्या होत्या, आज मात्र दिसल्या, कारण धाकट्या सुनेचं, शीलाचं सगळं त्यांच्यापासूनच सुरू झालं होतं.

तबकड्या उभ्या राहत होत्या तेव्हा बाहेरगावची माणसं कामाला आली होती आणि गावात ज्याची खोली रिकामी त्यानं ती भाड्यानं दिली होती. प्रयागबाईच्या पुढच्या खोलीत सांगलीकडचा एक फिटर राहत होता. धाकटा लेक भागू तेव्हा टेंपोवर, रात्री-अपरात्री वाशीला माल घेऊन जाणारा, आणि त्याची नवी बायको शीला आंबेगावकडची, धरणात गाव जाणार म्हणून घाईघाईनं उजवलेली. एकदा दुपारी शीला त्या खोलीच्या दारात हसली. प्रयागबाई परसात होती, तिनं ते हसू ऐकलं. फिटर सांगत होता की या तबकड्या आभाळाचं बोलणं ऐकणार, आणि शीला म्हणाली होती, “आन आभाळानं शिवी दिली तर?” आता पायरीवर बसून प्रयागबाईला हेही आठवलं की त्या वेळी परसात तिच्या स्वतःच्या ओठांवर हसू आलं होतं, आणि तिनं ते गिळलं होतं. मग महिनाभरानं शीलाला दिवस गेल्याचं कळलं, आणि ते गिळलेलं हसू पोटात कुजल्यासारखं वर आलं. भागू त्या दिवसांत घरी किती होता, याचा हिशोब तिनं घालून बघितला तर तो धड इकडंही पडेना, धड तिकडंही पडेना. शीलानं तिच्या पायांना हात लावून सांगितलं, आत्याबाई, मी खरी आहे. तेव्हा प्रयागबाई कळ्या घेऊन देवळात गेली. पोट आमचंच का, एवढंच तिनं विचारलं. डावी पडली. तिची डावी. आज भिंतीवर तिथं ‘उजवी’ लिहिलेलं होतं.

पोट दिसायच्या आत तिनं शीलाच्या हातात पिशवी देऊन तिला माहेरी धाडलं, ती परत आली नाही. मुलगी झाल्याचा निरोप आला, प्रयागबाईनं निरोप्याला चहासुद्धा विचारला नाही. भागू एकदाच बोलला होता, “आई, एकदा परत इचार की.” त्यावर ती म्हणाली होती, “देवी काय कांद्याची आडत हाय व्हय रं, दोनदा भाव पुसायला?” सगळे हसले होते, भागूही हसला होता. त्यानंतर त्याचं दुसरं लग्न झालं, मूल झालं नाही, आणि तो आईशी बोलत नाही असं कुणी म्हणू शकलं नसतं, पण तो जे बोलायचा ते टेंपोच्या डिझेलबद्दल आणि टोमॅटोच्या भावाबद्दल. पायरी तापली होती. प्रयागबाई अनवाणी घरी निघाली, आणि मागून सारजाबाई ओरडली, “अवं थोरल्या, चपला!” ती वळली नाही.

घरी थोरल्या लेकाची मुलगी अक्षदा सुट्टीला आलेली होती. ती पुण्याला कॉम्प्युटरचं शिकत होती आणि ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधताबांधता आईला काहीतरी समजावत होती. प्रयागबाई समोर बसली, एक जुडी हातात घेतली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, “तुज्या त्या मशीनला एखादी गोष्ट खरी म्हणून सांगितली, आन मागनं ती खोटी निघाली, तर ते काय करतं गं? रडतं का?” अक्षदाला एवढा आनंद झाला की जुडी तिच्या हातातून सुटली. “आज्जी, आमच्या सरांचं सगळं काम यावरच चाललंय! हे बघ. समज, मशीनला सांगितलं की आपली चंद्री गाभण आहे. त्यावरून ते काय काय ठरवील? दूध कमी होणार. तिला लांब चरायला नको. पेंड वाढवायची. आणि मग डॉक्टर येऊन म्हणाला, गाभण नाही. आता नुसतं ‘गाभण’ पुसून भागत नाही, तिच्यावर जे जे उभं केलं ते सगळं शोधून काढावं लागतं. दूध कमी होणार, हे काढ. लांब चरायला नको, हे काढ. पण पेंड मात्र ती रोडावली म्हणूनही देत असू, तर तेवढं राहतं. त्याला दुसरा टेकू आहे.” “आन दुसरा टेकू नसंल ते?” “ते पडतं.” अक्षदा अगदी सहज म्हणाली. प्रयागबाईनं जुडीला दोरी गुंडाळली, घट्ट, इतकी घट्ट की देठ तुटले.

“आन समज, डाक्टरच खोटं बोलत असंल तर?” “तीच तर गंमत! दोन गोष्टी एकत्र बसेनात, एक जायलाच पाहिजे. पण कुठली, हे गणित सांगत नाही. मग असं करतात, जी काढल्यानं कमीत कमी मोडतोड होईल ती काढायची. जिच्यावर सगळ्यात जास्त भार, तिला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.” प्रयागबाईनं तोंड वाकडं केलं. “म्हंजी तुजं मशीन बी आपल्या सोयीचंच धरतंय. हे आमाला न शिकता येतं. माणसापरीस येगळं काय शिकवलं मग तुमी त्येला?” अक्षदा हसता हसता थांबली. “सरांना विचारते हं, आज्जी,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरच काहीतरी अडल्यासारखं दिसलं.

त्या संध्याकाळी आणि पुढं कितीतरी दिवस प्रयागबाई हात कामात ठेवून आत टेकू मोजत बसली. चुलीपुढं, गोठ्यात, न्हाणीत. शीला खोटी, याला कौलाशिवाय दुसरा टेकू कोणता? टेकू पुष्कळ होते, एकेक करून ते पुढं येत, लग्नातल्या मानकऱ्यांसारखे, आपापली जागा मागत. शीला त्या दिवसांत डोळ्याला डोळा देत नव्हती. तिचं तोंड उतरलेलं होतं. तिनं फिटरच्या सदऱ्याला बटण लावून दिलं होतं. फिटर पुढच्याच महिन्यात खोली सोडून गेला, जाताना तिच्याकडं बघितलंही नाही, चोरासारखा. प्रयागबाईनं एकेकाला धरून विचारलं, तू कधीचा? उतरलेलं तोंड कौलानंतरचं. खाली गेलेली नजर कौलानंतरची, आणि प्रयागबाईच्या नजरेपुढं त्या वेळी कुणाची नजर वर राहिली असती? बटण आधीचं होतं, पण ते बटण प्रयागबाईनंच लावायला सांगितलं होतं, बिचारा एकटा माणूस म्हणून, आणि कौल होईपर्यंत ते नुसतं बटण होतं. फिटर गेला कारण त्यांच्या वावराजवळची तबकडी उभी राहून झाली होती, त्याच्याबरोबर सगळेच गेले. जे जे तिनं पुरावा म्हणून इतकी वर्षं जपलं ते सगळं त्या एका पडलेल्या कळीच्या पोटचं होतं. आणि तीच पोरं आईला दोन्ही बाजूंनी धरून उभी होती, आणि म्हणत होती, बघा, आमची आई खरी. असं कळल्यावर माणसानं काय करायचं असतं? ओरडायचं असतं का? ती न्हाणीत तांब्या हातात धरून उभी राहिली. पाणी निवत गेलं.

मग एक दिवस तिला विहीर सापडली, आणि बुडणाऱ्यानं दोर धरावा तशी ती तिला धरून बसली. वरच्या पट्टीतली विहीर तिनं कौल लावूनच खोदायला लावली होती. तिची उजवी पडली होती, आणि पाणी लागलं होतं! बाजू तिची चुकीची असती तर देवीनं तिथं ‘नाही’ म्हटलं असतं, आणि मग पाणी कसं लागलं? म्हणजे देवी तिच्याशी पिंपरी पेंढारच्या रीतीनंच बोलत होती. तिची भाषा तिच्याशी. तोंड नसलेल्या दगडाला कुठली आली स्वतःची उजवी? मुखवटा हितेशशेठचा, उजवी हितेशशेठची. ती तशीच अक्षदाकडं गेली आणि या वेळी आडून न विचारता सगळं सांगून मोकळी झाली, कौल, शीला, फरशी, विहीर. अक्षदा ऐकत राहिली. शीलाकाकी म्हणून कुणी होती एवढंच तिला माहीत होतं. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, “आज्जी, पण त्या वर्षी विहीर खोदली त्या सगळ्यांनाच पाणी लागलं ना? कालवा सुटला होता. कौल न लावता खोदलेल्यांनाही लागलं. ते पाणी दोन्ही बाजूंना सारखंच. त्यावरून काहीच ठरत नाही.” प्रयागबाईनं तिच्याकडं बघितलं. या पोरीला आपणच घरच्यांशी भांडून शिकायला पाठवलं होतं. “लई शानी झालीस,” ती म्हणाली. त्यात शिवी नव्हती, दम नव्हता, काहीच नव्हतं, आणि अक्षदानं घाबरून तिचा हात धरला.

आता काय काय सोडून बघायचं? बाजू चुकली म्हणावं, तर देवीनं शीलाला खरी म्हटलं होतं. देवी बोलतच नाही म्हणावं, कळी वाऱ्यानं पडते म्हणावं, तरी शीला खोटी असल्याचं कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. कुठल्याही वाटेनं गेलं तरी मधे शीला उभी होती, पोटावर पदर ओढून, आणि तिच्या हातात पिशवी दिलेली. एकच गोष्ट अशी होती की जी काढली तर सगळं जागच्या जागी बसत होतं. मला कळतं. माणूस बघताच मला कळतं. सगळा भार त्या एकीवर होता, घर, शेत, सुना, धर्माजीचं दबलेपण, स्वतःचा चढलेला आवाज. ती काढल्यावर प्रयागबाई नावाचं काय उरत होतं, हे तिला दिसेना. “घोडेगावला जायचंय,” ती सकाळी अक्षदाला म्हणाली. “भागूला सांगू नको.”

नारायणगावहून मंचर, मंचरहून घोडेगाव, आणि तिथून धरणग्रस्तांच्या वसाहतीपर्यंत जीप. शीला भावाच्या घराच्या पडवीत अंगणवाडीच्या खिचडीचे तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं, ओळखलं, सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि समोर ठेवलं. केस पिकायला लागले होते. अक्षदा रस्त्याकडं तोंड करून ओट्याच्या कडेला बसली.

“वाट चुकला का, आत्याबाई?”

“वाट न्हाई चुकले. बाजू चुकले,” प्रयागबाई म्हणाली. येताना गाडीत ती हेच वाक्य घोळत आली होती, आणि ते बरं जमलं असं तिला वाटूनही गेलं. मग तिनं सांगितलं. दंड दाबणारी आई, तांदळा, फरशी, अक्षरं. शीला हातात हात धरून ऐकत होती, अंगणवाडीत मुलांच्या आयांचं ऐकतात तशी.

“म्हंजी आता देवी म्हनती, मी खरी व्हते.”

“हां.”

“आन म्या सांगितलं व्हतं, तवा? तुमच्या पायाला हात लावून सांगितलं. त्येची बाजू कोणची धरली व्हती तुमी? उजवी का डावी?”

प्रयागबाईनं तांब्या उचलला आणि पाणी न पिता खाली ठेवला. शीलाचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला काही सुचलं असतं, चढलेल्या आवाजांशी तिची जन्माची ओळख होती.

“आज शेठनं फरशी लावली म्हनून आलात,” शीला म्हणाली. “उद्या कळलं, रंगाऱ्याचंच चुकलं व्हतं. मग? परत याल का इतक्या लांब, शीला, तू खोटीच गं, म्हनून सांगायला?”

रंगाऱ्याचं चुकलं असेल. शब्द कानावर पडताच प्रयागबाईच्या छातीत काहीतरी हललं, बारीक, कोवळं, आणि ते काय आहे हे तिला लगेच कळलं. ती आशा होती. शीलापुढं बसून, शीलाच्या हातचं पाणी समोर असताना, रंगाऱ्याचं चुकलेलं असावं असं तिला वाटलं होतं. तिनं खाली बघितलं.

“पोरीचं नाव काय ठिवलं?” ती म्हणाली.

“संस्कृती. साळंत गेलीया. यायच्या आत तुमी जा.”

“एक डाव नुसती बघून…”

“न्हाई,” शीला म्हणाली. “तुमी बघायच्या न्हाई तिला, हुडकायच्या. बापाचं नाक हुडकाल तिच्या तोंडावर. सापडलं तर ती तुमची, न्हाई सापडलं तर कुनाची? माजी लेक काय तांदळा न्हाई.”

उंबऱ्याशी एक जुनी चप्पल पडली होती, मुलीच्या मापाची, टाचेला बाहेरच्या अंगानं झिजलेली. भागूच्या चपला अशाच झिजतात. प्रयागबाईची नजर तिथं गेली आणि जीव एकदम वर आला, हे घ्या, हे बघा! आणि तो वर येत असतानाच तिला कळत होतं की टाच सरळ झिजलेली असती तर तिची नजर तिथंही गेली असती, आणि तिनं त्याचाही काहीतरी अर्थ लावला असता. डोळे तिचेच होते. बटण बघणारे, उतरलेलं तोंड बघणारे. यांच्यावर आता ती काय म्हणून भरवसा ठेवणार होती? आणि यांच्याशिवाय तिच्यापाशी दुसरं होतं काय? ती उठली. शीलानं तिला हात दिला नाही, पण तिला चपला घालताना भिंतीचा आधार मिळावा म्हणून टोपली बाजूला सरकवली.

जीपची वाट बघत आजी आणि नात फाट्यावर उभ्या होत्या. ऊन होतं. शाळा सुटली असावी. वळणावरून निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींचा घोळका आला, दप्तरं उडवत, एकमेकींना ढकलत, चिंचा खात. अक्षदानं तिच्या कोपराला हात लावला. “आज्जी, बघ तरी. यांच्यातलीच असेल एखादी.” प्रयागबाईनं पदर डोळ्यांवर ओढला, रस्त्याकडं पाठ केली आणि फाट्यावरच्या दगडाला हात टेकून उभी राहिली. शीलाचं आजवर काही ऐकलं नव्हतं, एवढं एक ऐकायचं होतं. पावलं जवळ आली, मागून गेली, लांब जायला लागली. तिनं डोळे गच्च मिटले होते, पाणी येईपर्यंत मिटले होते, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांत ती एका न पाहिलेल्या तोंडावर नाक बसवून बघत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती.